एफटीआयआर: दोन पावसाळे वापरल्यावर

काल आमच्या एफटीआयआरचा (इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला जातो त्यावरून पदार्थ ओळखणारं मशीन) बीमस्प्लिटर, म्हणजे प्रकाशाचा झोत दोन भागांत फोडणारा भाग, बदलायचं कोटेशन आलं, आकडा आमच्या लॅबच्या वर्षभराच्या केमिकल्सच्या बजेटएवढा, म्हणून लिहितोय. रेंज-रिझोल्यूशन सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. आमची लॅब कोकणात, खाडीला लागून, जून लागला की वह्यांचीसुद्धा पानं मऊ पडतात.

पहिला हिवाळा मस्त गेला. डायमंड एटीआरला (सॅम्पल थेट हिऱ्यावर दाबून स्पेक्ट्रम घ्यायची सोय) मी घ्यायच्या आधी नावं ठेवत होतो, कारण २३०० ते १८०० मध्ये (हे आकडे वेव्हनंबरचे, cm⁻¹) डायमंड स्वतःच शोषतो आणि पीकची उंची जुन्या ट्रान्समिशन (सॅम्पलमधून प्रकाश आरपार नेऊन घेतलेल्या) स्पेक्ट्राशी जुळत नाही. पण आता मत बदललंय. पूर्वी २०० मिलिग्रॅम केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड, ओल धरणारं मीठ) एक-दोन मिलिग्रॅम सॅम्पल अगेटच्या खलात घोटायचं, प्रेसखाली पेलेट दाबायची, आणि एवढं करून पावसाळ्यात ३४०० ला पाण्याचा रुंद पट्टा यायचाच, मग ओएचचा (ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा) पट्टा आपल्या कंपाउंडचा की हवेतला हे सांगणार कोण. आता चिमूटभर पावडर ठेवली की मिनिटभरात स्पेक्ट्रम. पेलेटची डाय कपाटात गेली ती गेलीच.

पण ज्या केबीआरला मी खलातून हाकललं तेच मशीनच्या पोटात बसलंय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बीमस्प्लिटर म्हणजे केबीआरचीच चकती, वर जर्मेनियमचा पातळ थर. ओल आत गेली की ती धुरकटते. आमच्याकडे संध्याकाळी सगळी मेन स्विचं बंद करायची शिस्त, लाईट बिलापायी मीच ती लावलेली. ऑगस्टपासून एनर्जी, म्हणजे डिटेक्टरपर्यंत पोचणारा प्रकाश, आठवड्याला उतरत गेली. मशीन तपासायच्या पॉलिस्टायरीन फिल्मचा १६०१ चा पीक जागेवर, म्हणून मी निर्धास्त, नॉईज मात्र वाढत होता. झाकण उघडलं तर आतल्या ओलशोषकाचा इंडिकेटर निळ्याचा गुलाबी, म्हणजे ओल भरलेली.

एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) ऑप्टिक्स धरलेलं नाही असं कंपनीवाले म्हणाले, तेव्हा मी भांडलो, तीन कडक मेल टाकले. मग इंजिनिअरने मॅन्युअलमधली ओळ दाखवली की मशीन कायम चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. ती चूक माझी, मान्य. पण इन्स्टॉलेशनच्या दिवशी हे कोणी बोललं नाही, आणि डिलिव्हरीचा पत्ता किनाऱ्यावरचा दिसत असताना झिंक सेलेनाइडच्या बीमस्प्लिटरचं नावसुद्धा काढलं नाही, याचा राग अजून आहे. त्याला दमट हवेचं काही वाटत नाही. ५०० च्या खालचा भाग जातो, तो मेटल-ऑक्साइडवाल्यांना लागेल, आम्हा ऑर्गॅनिकवाल्यांना तिकडे बघायचंच नसतं. आता त्याचंच कोटेशन मागितलंय.

किनाऱ्यावर कोणी घेत असेल तर ऑर्डरच्या आधीच हे लेखी विचारा. केबीआरवालंच आधीपासून असेल तर रात्री बंद करू नका, छोटा यूपीएस लावा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी इंडिकेटर बघा. ओलशोषक सिलिका जेल असेल तर ते सुकवायला ओव्हनमध्ये ११० अंशाला रात्रभर पुरतं. मॉलेक्युलर सीव्ह असेल तर एवढ्याने भागत नाही, त्याला २५० च्या वर न्यावं लागतं. आणि उघड्यावर गार करायला ठेवू नका, डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद भांड्यात) ठेवा, आमच्याकडे टेबलावर ठेवलेलं दुपारपर्यंत परत गुलाबी झालं होतं.