नेट बसवणाऱ्यानेच आमचं वायफाय विकलं

आम्ही वायफायचा पासवर्ड बदलला, तरी परकी उपकरणं जोडलेलीच राहिली. हे कसं होऊ शकतं ते उमगायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही डोंबिवलीत राहतो. फायबरचं कनेक्शन मोठ्या कंपनीचं, पण वायर ओढायला, राउटर बसवायला आणि तक्रार केली की यायला एकच पोरगा, स्थानिक ठेकेदाराचा. बोलायला गोड. "काका, कस्टमर केअरच्या नादी लागू नका, मला डायरेक्ट व्हॉट्सॲप करा." संध्याकाळ झाली की नेट रडायला लागायचं. आधी तो म्हणाला प्लॅन लहान आहे, म्हणून ५० एमबीपीएसचा १०० केला. मग म्हणाला भिंती जाड आहेत, आणि एक एक्स्टेंडर (वायफाय लांबवर पोचवणारा डबा) गळ्यात मारला. रोख पैसे, पावती नाही.

गणपतीत सगळे गावी गेलो. घराला कुलूप, राउटर चालू राहिलेला. परत आल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये वापराचा तक्ता उघडला, तर बंद घरात रोज कित्येक जीबी डेटा गेला होता. त्या पोराला विचारलं. "मोबाइल अपडेट होतात ना काका, त्याचा असेल." मोबाइल तर आमच्याबरोबर रत्नागिरीत होते!

भाचा नेटवर्किंगमध्ये काम करतो, त्याला बोलावलं. नेटवर्क तपासायचं एक फुकट ॲप लावल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी आली. इथे घाईने चोर ठरवू नका. ॲन्ड्रॉइड १० पासूनचे आणि आयओएस १४ पासूनचे फोन आपला खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा पत्ता, लपवून बनावट देतात, त्यामुळे घरचाच फोन अनोळखी दिसतो. तशा पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. मुलीच्या फोनवर आम्हीही उगाच संशय घेतला. खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे: घरातली उपकरणं एकेक करून बंद करायची आणि यादीत काय उरतं ते बघायचं. आमच्याकडे उरले एक स्मार्ट टीव्ही, एक प्रिंटर आणि बरेचसे फोन. आमच्या घरात प्रिंटरच नाही.

पासवर्ड बदलला. आमचे फोन वायफायवरून तुटले, प्रिंटर मात्र जोडलेलाच. मॅक ॲड्रेस ब्लॉक केले, तर फोन नवा पत्ता घेऊन परत हजर. तेव्हा भाच्याने वायफाय ॲनालायझर, म्हणजे आसपासची सगळी वायफाय नेटवर्कं दाखवणारं ॲप, लावला. आमच्या नेटवर्कइतक्याच जोराचं, त्याच चॅनलवर, एक बिननावाचं नेटवर्क दिसत होतं आणि त्याचा पत्ता आमच्या राउटरच्या पत्त्यापेक्षा एका अंकाने वेगळा. एकाच राउटरवर अनेक वायफाय चालवता येतात. राउटर बसवतानाच त्या पोराने दुसरं नेटवर्क वेगळ्या पासवर्डने सुरू करून त्याचं नाव लपवलं होतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून, राउटरच्या स्टिकरवरच्या लॉगिनने उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर आम्हाला फक्त आमचंच वायफाय दिसायचं. सगळं दाखवणारा ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे.

राउटर सरळ रिसेट करायचा मोह आवरा. फायबरच्या डब्यातली कनेक्शनची सेटिंग पुसली गेली तर नेटच बंद पडतं आणि पुन्हा त्याच माणसाला बोलवावं लागतं. आम्ही कस्टमर केअरला लेखी तक्रार नोंदवून दुसरा इंजिनिअर मागवला आणि त्याच्याशेजारी उभं राहून सगळं बघितलं. दुसरं नेटवर्क बंद, ॲडमिनचा पासवर्ड नवा, बाहेरून लॉगिन बंद, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. त्या डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडतो हे २०११ मध्येच उघड झालंय, तरी तो चालूच ठेवलेला असतो. आमच्या स्मार्ट टीव्हीसाठी आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलं.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या क्लासच्या मॅडम वर आल्या. "काका, तुमचंही नेट गेलंय का? नेटवाला फोन उचलत नाहीये." प्रिंटर त्यांचा. महिना ३०० रुपये रोख द्यायच्या, त्यांना वाटायचं हा छोटा प्लॅन आहे. बिल कधी मागितलं नव्हतं. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, त्याही आमच्यासारख्याच गंडल्या होत्या.

डेटा गेला, प्लॅनचे पैसे गेले, ते एक वेळ सोडा. त्या नेटवर्कवरून कोणी काही उद्योग केला असता तर आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा कनेक्शनचा पत्ता, माझ्या नावावर निघाला असता. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला ईमेल सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता, आणि चौकशी आधी त्याच्याच दारी पोचली.

कंपनीचं म्हणणं, तो आमच्या पगारावर नाही. ठेकेदार म्हणतो, त्याने काम सोडलं. लेखी तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ चा उल्लेख केल्यावर मात्र कंपनीचा सूर बदलला. ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाढीव प्लॅनचा फरक पुढच्या बिलात वळता झाला. पोलिसांकडे अर्ज दिलाय, शिक्का मारलेली प्रत जवळ आहे. आमच्याच इमारतीत त्याने बसवलेले आणखी राउटर आहेत, ते तपासायला भाचा रविवारी पुन्हा येतोय.