अनामिक फॉलिस: बायझंटाइन भक्तिवस्तूंच्या संग्रहातली पहिली खरेदी

बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातल्या छोट्या धार्मिक वस्तू जमवायच्या ठरवलं की नजर आधी जाते ती ब्राँझच्या गळ्यातल्या क्रूसांकडे. युरोपातल्या लिलावांच्या याद्यांत ते भरपूर असतात, फोटोत देखणे दिसतात आणि एकाच वस्तूत श्रद्धा, कारागिरी आणि हजार वर्षांचं वय मिळतं. तरीही नवख्याने पहिले पैसे तिथे घालू नयेत. पहिली वस्तू अनामिक फॉलिसच असावी, असं आमचं ठाम मत आहे.

हे कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) टांकसाळीचं तांब्याचं नाणं. सम्राट पहिला जॉन झिमिस्केस (९६९–९७६) याच्या काळात ते सुरू झालं आणि पहिल्या अलेक्सियोसने १०९२ मध्ये चलनाची फेररचना करेपर्यंत चाललं. यावर राजाचा चेहरा नाही, नावही नाही. सुरुवातीच्या नाण्यांवर एका बाजूला हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ धरलेला ख्रिस्त आणि दुसऱ्या बाजूला चार ओळींत ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’. बाजारहाटात रोज हातोहात फिरणाऱ्या पैशावर ही घोषणा होती. अभ्यासक या नाण्यांची वर्गवारी ए ते के अशी करतात, आणि नवख्याने त्यातला ए-२ (ए वर्गाचा दुसरा गट) घ्यावा. तो दुसऱ्या बॅसिलच्या आणि आठव्या कॉन्स्टँटाइनच्या काळातला, ९७६ ते १०२८ दरम्यानचा. आकाराने मोठा, कधी कधी ३५ मिलिमीटरपर्यंत. वजन मात्र ठरलेलं नाही. एक ७ ग्रॅमचा तर दुसरा १५ ग्रॅमच्या वर, आणि दोन्ही अस्सल. त्यामुळे नुसत्या वजनावरून नाणं नकली ठरवू नका.

ए-२ ची खरी मजा भिंगाखाली आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि ख्रिस्ताच्या प्रभावळीतल्या क्रूसाच्या भुजा बघा. प्रत्येक भुजेवर ठिपका, चौकोन किंवा अशीच एखादी बारीक खूण असते. मग ग्रंथाचं मुखपृष्ठ बघा, तिथे ठिपक्यांची वेगळी मांडणी दिसेल. मागच्या बाजूच्या मजकुराच्या वर-खालीही छोटी नक्षी असते. या तीन जागांच्या मेळावरून ए-२ चे पन्नासच्या आसपास उपप्रकार ओळखले जातात. ग्रंथ आणि प्रभावळ झिजलेली असतील तर उपप्रकार ठरत नाही. म्हणून चेहरा थोडा पुसट चालेल, ग्रंथ पुसट नको. साधारण तीस ते साठ युरोंत चांगलं नाणं मिळतं. लिलावगृहाचं शुल्क त्यावर वेगळं, बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांच्या पुढेच.

पुढच्या वर्गांबद्दल थोडक्यात. बी वर्गात पायऱ्यांवर उभा क्रूस आहे. सी मध्ये क्रूसाच्या चार कोपऱ्यांत ‘येशू ख्रिस्त जिंकतो’ अशी अक्षरं आहेत आणि ती सुंदर आहेत. चौथ्या रोमॅनोसच्या काळातला (१०६८–७१) जी वर्ग मरियाभक्तांनी जरूर घ्यावा, कारण त्यावर दोन्ही हात उंचावून प्रार्थना करणारी देवमाता आहे. डी, आय, जे वगैरेंचे ठसे बहुधा इतके अर्धवट उमटलेले असतात की चांगला नमुना दिसेपर्यंत थांबलेलं बरं.

एका गोष्टीने नवखे हमखास गोंधळतात. बी किंवा सी वर्गाच्या नाण्यावर ख्रिस्ताच्या खांद्यामागे भलतीच अक्षरं उमटलेली दिसतात, किंवा क्रूसाच्या खाली जुन्या प्रभावळीची कमान दिसते. हा दोष नव्हे, खोटेपणाही नव्हे. टांकसाळीत नवी चकती ओतण्याऐवजी जुन्याच नाण्यावर नवा ठसा मारत असत. खालचा वर्ग ओळखता आला तर नाण्याची किंमत आमच्या लेखी वाढते, कारण कोणता वर्ग आधीचा आणि कोणता नंतरचा हे अभ्यासकांना अशाच नाण्यांवरून ठरवता आलं.

फॉलिस स्वस्त असल्यामुळे त्याच्या पूर्ण नकला कमी. फसवणूक होते ती पृष्ठभागावर, आणि ती दोन प्रकारांनी. पहिली म्हणजे ‘वाळवंटी’ रंग. खोलगट भागांत वाळूच्या रंगाची भुकटी बसवतात, म्हणजे हिरवट-काळं चित्र उठून दिसतं. खरी माती कुठे जाड, कुठे पातळ, कुठे दगडासारखी घट्ट असते. बसवलेली माती सगळीकडे एकसारखी असते आणि अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवला की सुटते. दुसरी म्हणजे कोरणी. झिजलेले केस, डोळे, ग्रंथावरचे ठिपके बारीक हत्याराने पुन्हा कोरून काढतात. ठशाने उमटलेला ठिपका गोल आणि फुगीर असतो, त्याच्या कडा हळूच सपाटीला मिळतात. कोरलेल्या ठिपक्याभोवती खरवडलेली खाच असते आणि तिथल्या धातूचा रंग शेजारच्यापेक्षा वेगळा दिसतो.

आता ब्राँझच्या क्रूसांकडे ‘आत्ता नको’ का म्हणायचं ते. नवव्या ते बाराव्या शतकातले अवशेषधारी क्रूस दोन पोकळ पाळ्यांचे (अर्ध्या भागांचे) असतात. वर-खाली बिजागरी आणि आत संताच्या अवशेषाचा कण ठेवण्याची जागा. एका पाळीवर ख्रिस्त, दुसरीवर बहुधा देवमाता. बहुतेक वेळा एकच पाळी शिल्लक राहते, आणि विक्रेते दोन वेगवेगळ्या क्रूसांच्या पाळ्या जोडून ‘पूर्ण’ म्हणून विकतात. बिजागरीचे दात एकमेकांत नीट बसतात का आणि दोन्ही पाळ्यांचा गंज एकाच जातीचा आहे का, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. नकलाही भरपूर आहेत. अस्सल क्रूसाची झीज अर्थपूर्ण असते. कडीची आतली बाजू दोरी किंवा साखळी जिथे घासते तिथेच पातळ होते आणि आकृतीचे उंच भाग आधी गुळगुळीत होतात. ओतीव नकलेत सगळंच सारखं मऊ. वर्तुळ आणि मधला ठिपका ही नक्षी सर्वांत आधी तपासावी. अस्सल नक्षीत कंपासाच्या टोकाचा मधला खड्डा खोल आणि वर्तुळाची कड धारदार असते, नकलेत दोन्ही बोथट आणि तळाशी हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं. पाळीची आतली बाजू स्वच्छ आणि कानशीने घासलेली दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. या सगळ्याला नजर लागते, आणि ती फॉलिसवर कमी खर्चात तयार होते.

शिशाच्या मोहरा, म्हणजे पत्रांना दोऱ्याने बांधायचे शिक्के, ही दुसरी पायरी म्हणून उत्तम. एका बाजूला देवमाता किंवा संत, दुसरीकडे ‘प्रभो, तुझ्या सेवकाला साहाय्य कर’ अशा अर्थाची ओळ, मोहोरदाराचं नाव आणि हुद्दा. दोरा जाण्यासाठी शिशात आरपार नळी असते. ही नळी ड्रिलने पाडल्यासारखी सरळ गुळगुळीत असेल तर संशय घ्यावा. तुलनेसाठी वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स या संशोधन संस्थेकडे सुमारे १७,००० मोहरांचा संग्रह आहे आणि त्याची मोठी यादी ऑनलाइन बघता येते. हाताळल्यावर हात धुवा, शिसंच आहे ते.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी सांभाळण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा. तांब्याच्या जुन्या नाण्यात मिठाचे क्षार अडकलेले असतात. दमट हवा लागली की ते जागे होतात आणि फिकट हिरवी भुकटी बाहेर पडू लागते. टूथपिकने ती सहज झडते, स्थिर हिरवा थर झडत नाही. शंका असेल तर नाणं ओल्या कापसासोबत, पण त्याला न टेकवता, बंद डबीत दोन दिवस ठेवा. भुकटी परत आली तर रोग चालू आहे. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ते पुन्हा पुन्हा बदला. तरी थांबलं नाही तर पाच टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात काही आठवडे ठेवा, अधूनमधून द्रावण बदला, मग पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावायचं नाही. हजार वर्षांचा थर एका घासणीत जातो आणि तो परत येत नाही. पावसाळ्यात हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, पॉलिस्टरची घ्या. शिशाच्या मोहरा प्लायवूड किंवा एमडीएफच्या खणात ठेवू नका, लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी पूड चढते.

कागदपत्रांत आम्ही तडजोड मानत नाही. तुर्कस्तानात जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची असते, १९८३ चा २८६३ क्रमांकाचा कायदा तेच सांगतो. सीरियातून बेकायदा आलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१५ मध्ये बंदी घातली. ‘जुना युरोपीय संग्रह’ एवढीच ओळ हा पुरावा नव्हे. जुन्या लिलावाची तारीख आणि क्रमांक, पावती किंवा जुना फोटो मागा. काहीच देता येत नसेल तर वस्तू कितीही सुंदर असो, सोडा. एखाद्या उत्खनन न झालेल्या जागेचा इतिहास त्या खरेदीने उखडला गेलेला असू शकतो. युरोपीय संघात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २८ जून २०२५ पासून संघाबाहेरून २५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू आणायला आयात परवाना लागतो.

भारतात मागवणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. विक्रेता ‘खोटं निघालं तर परत घेऊ’ म्हणतो, पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू नकली असली तरी ती पुरावशेष नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला काढल्याशिवाय कस्टम्समध्ये अडकण्याची भीती राहते. त्यामुळे परतीच्या हमीवर विसंबू नका. दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि तिरप्या उजेडातले फोटो पैसे भरण्याआधीच मागवा, आणि आयातीची पावती नाण्याच्या पाकिटासोबतच ठेवा.