रास्पबेरी पाय ५ : बोर्ड उत्तम, चार्जर मात्र नीट निवडा
रास्पबेरी पाय ५ हा एकाच छोट्या बोर्डवरचा संगणक आर्म प्रोसेसर चिपवर चालतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीची पहिली आर्म चिप १९८५ साली चालू झाली. कमी विजेवर चालणारी हीच रचना पुढे जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये पोहोचली. पाय ५ मध्ये तिचे चार कॉर्टेक्स-ए७६ कोर (प्रोसेसरचे गणना करणारे भाग) २.४ गिगाहर्ट्‌झवर धावतात; आधीच्या पाय ४ पेक्षा फरक लगेच जाणवतो, फारच सुखद आहे तो!

गफलत होते ती चार्जरमध्ये. ५ व्होल्ट, ५ अँपिअरचाच घ्या. ३ अँपिअरचा लावला, तर चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात आणि बाहेरची हार्ड डिस्क मध्येच बंद पडते. ८० अंशांपुढे चिप स्वतःच वेग उतरवते, म्हणून पंख्याचा कूलर सुरुवातीलाच बसवा. एक्स८६चे, म्हणजे इंटेल-एएमडी चिपच्या नेहमीच्या पीसीसाठीचे, प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. आर्म६४ (६४-बिट आर्म चिपसाठीची) आवृत्ती मिळते का, हे आधी तपासा.