२१२ पेड वाचक, आणि अवकाळीत एकाचाही प्रश्न नाही

आधी आकडा सांगतो, म्हणजे "गेले असतील चार पैसे" असं कुणी म्हणणार नाही. पैसे घेऊन ईमेलवर न्यूजलेटर पाठवायच्या नादात गेले १,०९,६३८ रुपये. सेमिनारचे ४९९, कोर्सचे २४,९९९, 'डन फॉर यू' पॅकेजचे जीएसटीसकट ४४,८४०, पेमेंट गेटवे चालू करायचे ११,८०० आणि शेवटी टीडीएस क्लिअरन्सच्या नावाखाली २७,५००. त्यातले ६,२१० परत आले. त्या ६,२१०ने पुढे काय करून ठेवलं, ते शेवटी सांगतो.

पद्धत जुनीच. आधी थोडा पैसा दाखवायचा, मग अडकलेला पैसा सोडवायला आणखी मागायचा. टास्कवाले, शेअरवाले, पार्सलवाले सगळे हेच करतात आणि तुम्ही रोज पेपरात वाचता. मीही वाचायचो आणि "लोक इतके कसे मूर्ख" म्हणून पान उलटायचो. पण मला कुणी व्हिडिओला लाइक मारायला नव्हतं सांगितलं. मला लिहायला सांगितलं होतं. रात्र रात्र बसून मी खरं काम करत होतो, आणि खरं काम करणाऱ्याला आपण लुबाडले जातोय असा संशय येत नाही. हे सबब म्हणून वाचायचं असेल तर खुशाल वाचा.

मी द्राक्षावर लिहितो. औषध कंपनीत फिल्डवर होतो तेव्हापासून दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यातल्या बागायतदारांचा ग्रुप चालवतो. गोडी, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर कोणत्या अवस्थेत काय फवारायचं, काढणीच्या किती दिवस आधी काय बंद करायचं, हेच सगळं. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांची काय दशा झाली, ते ज्यांनी भोगलंय ते असली माहिती जपून ठेवतात. तेव्हा नाशिकात गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये तो टाय लावलेला पोरगा जेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही हे फुकट का वाटताय?", तेव्हा ते मला बरोबर लागलं. प्रश्न चुकीचा नव्हताच. आजही नाही.

आणि तो पोरगा खोटंही फार बोलला नाही, हीच तर पंचाईत. सबस्टॅक, म्हणजे असं न्यूजलेटर काढायची वेबसाइट, २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं, खरं. वाचक महिन्याला पैसे भरतो, त्यातले १० टक्के सबस्टॅक घेतं, कार्ड प्रोसेसिंगचे स्ट्राइप ही पेमेंट कंपनी वेगळे घेते, बाकीचे लिहिणाऱ्याचे, हेही खरं. फुकट वाचणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्के लोक पैसे देणारे होऊ शकतात, असं तिथलेच लोक सांगतात, तेही त्याने सांगितलं. एक गोष्ट मात्र गाळली. सबस्टॅकवर पैसे घ्यायचे तर स्ट्राइपचं खातं लागतं, आणि स्ट्राइप २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर उघडतं. म्हणजे नाशिकमधला माझ्यासारखा माणूस उद्या सकाळी उठून तिथे पेड बटण दाबू शकत नाही. दहा मिनिटं गुगल केलं असतं तर सापडलं असतं. पण मी ज्यांना २४,९९९ दिले होते, ते मला हे शिकवण्यासाठीच तर दिले होते ना? की गुरुजींची फी भरून पुस्तकही मीच शोधायचं?

'डन फॉर यू' म्हणजे मी फक्त मजकूर लिहून पाठवायचा. सजवणं, पाठवणं, वाचक आणणं सगळं त्यांचं. लॉगिनसुद्धा त्यांच्याकडे. मला एक डॅशबोर्ड दिला, त्यांच्याच वेबसाइटवरचा, रुपयांत आकडे दाखवणारा. महिन्याभरात फुकट वाचक २,१४०, पेड २१२, दर १९९. टक्केवारी काढा, दहाच्या जरा आतच बसते. बेरीज करणारा हुशार होता. "परदेशातले मराठी लोक आणि एक्स्पोर्टर आहेत सर, शेतकरी कशाला पैसे देईल?" मला पटलं. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतली पोरं बाहेर आहेत. म्हटलं, असेल.

लॉगिन तुमच्या ईमेलवर नसेल तर ते न्यूजलेटर तुमचं नाही, कुणी काहीही सांगो. आणि सबस्टॅकवर वाचकांची यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते. ती मागा. "डेटा पॉलिसीत बसत नाही" असं उत्तर आलं की उठा आणि चालू लागा.

पहिल्या महिन्याचे म्हणून ६,२१० आले. यूपीआयने. पाठवणाऱ्याच्या जागी कुणा बाईचं नाव, कंपनीचं नाहीच. मी विचारलं, तर "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत". घरात पेढे आणले होते त्या दिवशी. आलेल्या पैशाला कोण विचारतं, बाबा तू कुठून आलास? जे आज मला अक्कल शिकवतायत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं.

आता तो क्षण. ज्याच्यासाठी मला अजून झोप लागत नाही तो.

नोव्हेंबरात अवकाळी आला. बागा फुलोऱ्यात, काही दोड्यात, आणि रात्री धो धो पाऊस. द्राक्षवाल्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. पहाटेपासून माझा फोन नुसता थरथरत होता. ग्रुपवर फोटोंचा पाऊस. एका फोटोत काळा पडलेला घड, तो धरलेला अंगठा चिखलाने माखलेला, आणि खाली मेसेज: "साहेब ११ ला फवारणी संपली, १२ ला पाऊस आला, धुऊन गेलं का सगळं? परत घेऊ का?" कुणी विचारतंय डाऊनी, म्हणजे केवडा, दिसतोय का बघा, कुणी विचारतंय ट्रॅक्टर बागेत जात नाही, डस्टिंग करू का, म्हणजे कोरडी भुकटी धुरळू का. उत्तर देता देता बोटं दुखायला लागली. मग मी पेड वाचकांसाठी खास अंक लिहिला. पाऊस पडल्यावर पहिल्या काही तासांत काय, पान वाळल्यावर काय, कोणती दोन औषधं एकत्र करायची नाहीत. आयुष्यात इतकं नेमकं मी कधी लिहिलं नव्हतं. गेला तो अंक. डॅशबोर्ड म्हणाला, ९१ टक्के लोकांनी उघडला.

आणि २१२ माणसांपैकी एकानेही काही विचारलं नाही. एकानेही नाही! ना प्रश्न, ना "थँक्यू सर", ना "तुम्ही सांगितलेलं औषध मिळत नाही" अशी शिवी. फुकटातले लोक माझा जीव खात होते आणि महिन्याला १९९ मोजणारे गप्प. बाग बुडत असताना कुठला द्राक्षवाला, कुठला एक्स्पोर्टर गप्प बसतो? ज्याचे कंटेनर बुक आहेत तो तर पहिला फोन करेल. हे मला कळायला हवं होतं. मला तर हवंच होतं, मी आयुष्यभर याच लोकांत फिरलोय.

मी त्या पोरट्याच्या एजन्सीला विचारलं होतं, बरं का. उत्तर आलं, "सर, प्रीमियम ऑडियन्स सायलेंट असते." आणि हे वाक्य मी संध्याकाळी बायकोला तोंड वर करून ऐकवलं. ती म्हणाली, "पैसे दिलेला माणूस गप्प बसतो? मी तर भाजीवाल्याला एक रुपया सोडत नाही." मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

ओपन रेटवर, म्हणजे किती जणांनी मेल उघडली त्या आकड्यावर, जाऊ नका. डॅशबोर्ड खरा असला तरी जाऊ नका. मेलमधलं चित्र उतरलं की ती उघडली असं धरतात, आणि अॅपलच्या मेलने २०२१ पासून चित्रं आधीच उतरवून ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून न उघडलेली मेलही उघडलेली दिसते. उत्तर येतंय का ते बघा. माणूस उत्तर देतो, आकडा देत नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. डॅशबोर्डवर ३७,९६९ जमा दिसत होते, निघत नव्हते. टीडीएस क्लिअरन्सचे २७,५०० भरा, ते 'रिफंडेबल' आहेत. मी भरले. टीडीएस हा पैसे देणारा आपल्याला द्यायच्या रकमेतूनच कापून भरतो, घेणाऱ्याकडून आगाऊ मागत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पगारातून कापला जात होताच. पण ३७,९६९ डोळ्यासमोर दिसत असले की २७,५०० लहान वाटतात.

बिलं माझ्या भाचीने पाहिली. ती सीएची आर्टिकलशिप करते. तिने जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघितले आणि हसली. "मामा, महाराष्ट्राचा २७ असतो. हा ०७ आहे, दिल्लीचा. आणि यांनी सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ लावलाय. बाहेरच्या राज्यातलं बिल असतं तर आयजीएसटी १८ लागला असता." नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला तर भलत्याच एका होजिअरीवाल्याचा निघाला. त्या शोधाला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. बिल हातात आलं की तिथल्या तिथे बघा, दारातून बाहेर पडायच्या आधी.

ऑफिसला गेलो तर कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "तुम्ही पण का?"

आता सरकारी दरबार. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, इथवर ठीक. तुमचं काही गेलं तर तासाभराच्या आत तिथे फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधीच अडवता येतात. माझे केव्हाच सरकले होते. मग ठाणं. तिथे सांगितलं, पैसे यूपीआयने गेलेत ना, मग हे ऑनलाइन, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, सेमिनार हॉलमध्ये झाला, पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, ऑफिस होतं, करार होता, हे सायबर कसं? ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर हद्दीचा प्रश्न निघाला. ऑफिस रस्त्याच्या या बाजूला, हॉटेल त्या बाजूला, आणि मी राहतो तिसऱ्याच हद्दीत. साहेब कुठे? सिंहस्थाच्या बैठकीला. उद्या? बंदोबस्त. परवा? बैठक. एका हवालदाराने तर विचारलं, "काका, लेख लिहून कधी कुणाला पैसे मिळतात का हो?" हसला नाही तो, मनापासून विचारत होता. म्हणजे मी फसलो ते बाजूलाच, पैसे कमवायची अपेक्षा केली हाच माझा गुन्हा. शेवटी 'अर्ज' घेतला. एफआयआर नव्हे, अर्ज. त्यावर शिक्का मारायलाही मला वाद घालावा लागला. शिक्का घेतल्याशिवाय कागद देऊन येऊ नका, एक प्रत आपल्याकडे ठेवा. आणि हद्दीचं ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती घ्यावीच लागते, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते. घेत नसतील तर वरिष्ठांना लेखी पाठवता येतं. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ आहे. मी हे पाठ करून गेलो होतो. समोरच्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वकील आहात का?"

बँकेत म्हणाले, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, आम्ही काही करू शकत नाही. बरं, नियमात तसं आहे, ग्राहकाच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर जे संरक्षण मिळतं, ते त्याने स्वतः मंजूर केलेल्या व्यवहाराला लागू नाही. मी मान खाली घालून निघालो. आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या खात्यावर ६,२१० रुपये होल्ड! का, तर ज्या बाईच्या खात्यातून ते मला आले, त्या खात्याविरुद्ध दुसऱ्या राज्यात तक्रार झाली होती, आणि पैशाची वाट शोधत शोधत पोलिसांचं पत्र माझ्यापर्यंत पोचलं. माझे एक लाख जाताना ज्या बँकेला काहीच थांबवता आलं नाही, तिला माझे सहा हजार एका पत्रावर थांबवता आले. मॅनेजर म्हणतात, त्या राज्यातल्या पोलिसांकडून ना-हरकत आणा. तिथला फोन कुणी उचलत नाही. उचलला तर हिंदीत सांगतात, इथे येऊन जबाब द्या. म्हणजे नाशिकात मी फिर्यादी म्हणून कुणाला नको आहे, आणि तिकडे संशयित म्हणून हवा आहे.

ग्राहक आयोगाचा रस्ता भाचीने सुचवलाय. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या तक्रारीला फी लागत नाही. पण नोटीस बजावायची कुठल्या पत्त्यावर, कुलपावर?

न्यूजलेटरने पैसे मिळत नाहीत असं मी म्हणत नाही. मिळवायचे असतील तर आधी स्वतःच्या नावाने फुकट सुरू करा, शंभर लोक मेलला उत्तर देईपर्यंत एक रुपया कुणाला देऊ नका, आणि नंतर भारतातल्याच एखाद्या पेमेंट कंपनीचं खातं स्वतःच्या पॅनवर काढा. खातं चालू करायला कुणा मधल्या माणसाला ११,८०० द्यावे लागत नाहीत.

त्या पोरट्याचा फोटो परवा पुन्हा दिसला. आता छत्रपती संभाजीनगर, विषय पॉडकास्ट, फी ७९९. टाय तोच आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन मी ठाण्यात गेलो होतो. हद्दीबाहेरचं आहे म्हणून घेतला नाही.