खोबणीतला सिरॅमिक गोल: चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

डोळा काढल्यावर खोबणीत जो गोल बसवतात तो कोणालाच दिसत नाही. लोक चौकशी करतात ती समोरच्या, बुबुळ रंगवलेल्या ॲक्रिलिकच्या कवचाची. खरा भार मात्र त्या गोलावरच असतो. माझ्या उजव्या खोबणीत चार वर्षांपासून ॲल्युमिना सिरॅमिकचा, 20 मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र गोल आहे आणि हा अभिप्राय प्रामुख्याने त्याच्याविषयी आहे.

रिकामी खोबण भरून काढण्याची कल्पना जुनी असून म्यूल्स या शल्यविशारदाने 1885 मध्ये त्यासाठी काचेचा पोकळ गोल वापरला होता. गुळगुळीत गोलाची अडचण अशी की शरीर त्याच्याभोवती वेष्टन तयार करते, पण त्याच्या आत शिरू शकत नाही, त्यामुळे तो जागेवरून सरकण्याची धास्ती राहते. समुद्रातल्या प्रवाळावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या हायड्रॉक्सीॲपॅटाइटच्या गोलाने हा प्रश्न बराच सोडवला. हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या या पदार्थात सुमारे अर्ध्या मिलिमीटरची, एकमेकांना जोडलेली छिद्रे असतात, त्यांत रक्तवाहिन्या वाढत जातात आणि गोल आतून बांधला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला 1989 मध्ये मान्यता दिली. ॲल्युमिनाचा गोल 2000 मध्ये आला. त्यासाठी प्रवाळाला हात लावावा लागत नाही, आणि नितंबाच्या कृत्रिम सांध्यात वर्षानुवर्षे वापरला जाणारा हाच पदार्थ शरीराला फारसा खुपत नाही, हे त्याच्या निवडीमागचे मला पटलेले कारण.

हालचालीबाबत मात्र मला शस्त्रक्रियेपूर्वी जे दाखवले गेले आणि प्रत्यक्षात जे मिळाले त्यांत अंतर आहे. रात्री आरशासमोर कवच काढले की मागे ओलसर, गुलाबी पडदा दिसतो, आणि डावा डोळा कडेला वळवला की त्या पडद्याखालचा गोलही जवळजवळ तितकाच वळतो, कारण डोळ्याचे चार सरळ स्नायू शस्त्रक्रियेत त्याच्याभोवती गुंडाळलेल्या विरघळणाऱ्या वेष्टनाला टाके घालून जोडलेले असतात. कवच पुन्हा बसवले की ही हालचाल निम्म्यावर येते; गोल वळतो, कवच त्याच्यामागून रेंगाळत येते. समोरासमोर बोलताना ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण मान न वळवता बाजूला पाहिले की लगेच उघड होते.

समुपदेशनाच्या वेळी मला दाखवलेल्या चित्रफितीतील डोळा फारच सहज फिरत होता. त्या गोलात भोक पाडून कवचाला गोलाशी जोडणारी टायटॅनियमची खुंटी बसवलेली होती, त्यासाठी साधारण सहा महिन्यांनी वेगळी शस्त्रक्रिया लागते आणि त्यानंतर स्राव, मांसवाढ किंवा गोल उघडा पडणे असे त्रास होऊ शकतात, हे मला नंतर स्वतः विचारल्यावर कळले. हे आधीच सांगायला हवे होते. खुंटी मी बसवून घेतली नाही आणि त्याचा पश्चात्तापही नाही.

गोल उघडा पडण्याचा धोका खुंटीशिवायही असतो, कारण सच्छिद्र पृष्ठभाग खरखरीत असतो आणि वरचा पडदा पातळ. दुसऱ्या वर्षी कवचाची कड घासून मला चिकट पाणी येऊ लागले होते. ते कवच घासून गुळगुळीत करून घेतल्यावर थांबले. तेव्हापासून दरवर्षी कवच पॉलिश करून घेतो.

एकूण कौल गोलाच्या बाजूनेच देईन: पापणी खोल गेलेली नाही, गोल जागचा हललेला नाही. फक्त घरी जाण्यापूर्वी त्याचा पदार्थ आणि व्यास लिहिलेली नोंद मागून घ्यावी. माझ्या डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये तो पांढराशुभ्र चेंडू होऊन उमटला, तेव्हा तंत्रज्ञाने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.