काटोल रोडवरच्या ओंब्या: चिकात असतील तरच जा

हुरडा काय, फेब्रुवारीत कुठंही मिळतो. नागपूरच्या काटोल रोडला एका शेतातल्या टिनाच्या शेडखाली गव्हाच्या ओंब्या भाजून देतात, म्हणून मी या मोसमात तीनदा गेले. शेत तेच, भाऊ तेच, प्लेट ऐंशीचीच. गहू मात्र तिन्ही वेळा वेगळा.

पहिल्यांदा महिन्याच्या सुरुवातीला. दाणा अजून दुधात होता, नख लावलं की पांढरं पाणी. अशा दाण्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आरावर धरला की पिचकतो. चव गोड, कारण साखरेचा स्टार्च पुरता झालेला नसतो. फ्रुक्टान नावाचा तंतुमय पदार्थही या वयात भरपूर, आणि तो जास्त झाला की पोट फुगतं. आमच्या ह्यांनी दोन प्लेटी संपवल्या आणि रात्रभर पोट धरून बसले.

दहा दिवसांनी परत गेलो आणि पैसे वसूल झाले. दाणा चिकात आलेला, हिरवागार, बोटात मळलेल्या कणकेसारखा दबणारा. भाऊंनी जुडी गोवऱ्यांच्या आरावर फिरवली, कुसं चरचर जळाली, मग पोत्यावर चोळून सुपात पाखडून गरमगरम पुढ्यात. सोबत जवसाची चटणी. स्टार्च भरत आलेला, म्हणून चावायला लुसलुशीत. गोडवा थोडा उरलेला. हिरव्या दाण्यात सी जीवनसत्त्वही असतं, वाळल्या गव्हात ते औषधालाही नाही. भाजताना त्यातलं बरंच जातं म्हणा.

महिनाअखेरीस पुण्याच्या नणंदेला कौतुकानं घेऊन गेले, आणि फजिती. दाणे पिवळे, टणक. पोळीच्या गव्हात पाणी जेमतेम बारा-तेरा टक्के उरतं आणि दोन तृतीयांश स्टार्च असतो. हे त्याच वाटेला लागलेले. नणंदेनं दाढ सांभाळत विचारलं, "वहिनी, यालाच ओंब्या म्हणता का तुम्ही?" अशा वेळी भाऊंनी सरळ सांगावं की आता संपल्या, हुरडा खा.

खरी तक्रार पाटीची. 'हिरवा गहू: शुगर फ्री, ग्लुटेन फ्री'. बत्तीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, गप्प कशी बसणार? साखर तर कोवळ्या दाण्यातच जास्त. आणि ग्लुटेनची प्रथिनं दाणा दुधात असतानाच साठायला लागतात, चिकापर्यंत चांगली जमतात. माझ्या भाच्याला सीलिअॅक आहे, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार. ही पाटी वाचून त्यानं चार दाणे जरी तोंडात टाकले तरी त्रास ठरलेला. दुसऱ्या खेपेला भाऊंना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "काकू, ते तर फ्लेक्सवाल्यानंच टाकलं ना!"

चिकातल्या ओंब्यांना पाचपैकी साडेचार, एरवी दोन. जायच्या आधी फोन करून 'दाणा दबतो का' एवढंच विचारा. मठ्ठा चांगला आहे, बसायच्या खाटा डुगडुगतात.

तिसऱ्या खेपेला 'शुगर फ्री'वर चिकटपट्टी लावलेली दिसली. 'ग्लुटेन फ्री' तसंच आहे.