लेथ ट्रेलरवर बांधायची: रॅचेट पट्टा की चेन?

भोसरीत जुनी लेथ (धातू कातायची मशीन) घेतलीत, वजन दीड टन, आणि ती साताऱ्याला न्यायची आहे. हायड्रा क्रेन ती ट्रेलरवर अलगद ठेवून देईल. खरा प्रश्न त्यानंतरचा.

नायलॉनचा दोर आधीच बाद करा. ताण आला की तो लांबतो, गाठी ढिल्या पडतात.

५० मिमीच्या रॅचेट पट्ट्यावर (दांड्याने आवळायचा विणलेला पट्टा) बहुधा २५०० किलोची क्षमता छापलेली असते. तो आकडा बघून लोक वरून दोन पट्टे टाकतात आणि निघतात. पण आडवा टाकलेला पट्टा लेथला पुढेमागे धरून ठेवत नाही, नुसता खाली दाबतो. आणि हाताने रॅचेट ओढून येणारा ताण ३००-५०० किलोच. जोराच्या ब्रेकला वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो असं युरोपीय मानक धरतं, म्हणजे इथे १२०० किलो. लाकडी पॅकिंगवर ठेवलेली लेथ केवळ दाबून थांबवायला असे पाच-सहा पट्टे लागतील. खाली रबरी मॅट घातली तर दोनांत भागतं. पट्टा घ्या की चेन, मॅट हवीच. त्याआधी ट्रेलरवर सांडलेलं तेल पुसून काढा, नाहीतर मॅटचा काही उपयोग नाही.

८ मिमीची ग्रेड ८० (जास्त ताकदीच्या पोलादाची) चेन सरळ ओढीत ४००० किलो पेलते, जवळजवळ लांबत नाही आणि धारेवर कापली जात नाही. माझा एक पट्टा बेडच्या (लेथच्या लांब मुख्य सांगाड्याच्या) कडेवर घासून अर्धा कापला गेला होता. उतरवताना ते दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. चार कोपऱ्यांतून तिरक्या, दोन पुढे आणि दोन मागे ओढणाऱ्या चेन लेथला थेट अडवतात. मात्र लेथ बीडाची (ओतीव लोखंडाची) असते आणि बीड ठिसूळ असतं. चेन ताणायचा बाइंडर अति आवळला तर लेथचा पाय तडकू शकतो, आणि घासलेल्या बेडवर चेनचे ओरखडे कायमचे राहतात.

टनाच्या वरच्या मशीनला मी चेनच निवडेन, पण एकटी नाही. लेथ अरुंद आणि वरून जड असते. पायाशी बांधलेली चेन तिला सरकू देत नाही, पण वळणावर कलंडण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी बेडवरून दोन पट्टे घ्या, कडेला जाड रबर लावून. लीड स्क्रू आणि फीड रॉडवरून (बेडच्या पुढून जाणारे लांब दांडे) पट्टा मुळीच नेऊ नका, ते वाकतात. छोट्या ड्रिल मशीनला चेनची गरज नाही, पट्टे पुरतात.

सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) टेलस्टॉककडे (बेडच्या टोकाचा आधार) सरकवून दोन्ही लॉक करा. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा, पट्टे पुन्हा ओढा; पहिल्या टप्प्यात ते हमखास सैल झालेले असतात.